शॉकअपवर गाडी उभी नसते!

कॉलेजच्या वार्षिकात कथा, कविता, सहलीचे वर्णन आणि फार तर एखादा 'वाचन : एक छंद' असा निबंध यावा, हा प्रघात मला ठाऊक आहे. त्यात गॅरेजमधल्या एका तेलकट वस्तूवर कोणी लेख लिहावा आणि तोही द्वितीय वर्ष कला शाखेच्या विद्यार्थ्याने, हे अनेकांना विचित्र वाटेल. परंतु मला जे खरोखर माहीत आहे ते एवढेच आहे. माझ्या वडिलांचे, म्हणजे आबांचे, कोल्हापूरपासून काही मैलांवर गगनबावड्याच्या रस्त्याला लहानसे गॅरेज आहे. आबा चौथीपर्यंत शिकले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. सकाळी मी येथे मराठी वाङ्मयाच्या तासाला बसतो आणि संध्याकाळी तेथे जीपखाली आडवा होतो. पहिले वर्षभर मी नखांतले ग्रीस लपविण्यासाठी हात बाकाखाली ठेवीत असे. आता ठेवीत नाही. त्याचे कारणही या लेखात ओघाने येईलच.

विषय आहे उंच केलेल्या जीपला नवे शॉकअप कसे निवडावेत, हा. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी, शेतावर किंवा मामाच्या गावी जुनी जीप असेल. घाटमाथ्यावरच्या वाड्यांना जाणाऱ्या वाटा जांभ्या दगडाच्या, पावसाळ्यात लाल चिखलाच्या. तेथे गाडीचे पोट दगडाला लागू नये म्हणून मालक पाट्यांना जादा कमान देऊन ती दोन-तीन इंच उंच करून घेतात. हल्ली शहरातील हौशी मंडळीही डोंगरात हिंडण्यासाठी असे करतात. उंच करणे सोपे आहे. त्यानंतर शॉकअपचे काय करायचे, येथे चूक होते. ही चूक मी स्वतः केलेली आहे.

एक चूक

मी बारावीत होतो. डोंगरातल्या एका वाडीचे मालक आपली जुनी महिंद्रा जीप घेऊन आमच्याकडे आले. चारही चाकांना ओढ असलेली ही गाडी, पुढे-मागे पाटेच. पाटेवाल्याकडून त्यांनी पाट्यांना कमान भरून आणली होती आणि गाडी दोन इंच उंच झाली होती. शॉकअप मात्र जुनेच होते आणि त्यांतून तेल गळत होते. आबा दुसऱ्या कामात होते. "आणायला तू जा," म्हणाले. मी दुकानात गेलो. दुकानदाराने दोन-तीन जोड पुढे ठेवले. गाडी उंच झाली आहे तर शॉकअपही लांब हवेत, आणि लांब तेवढे चांगले, असा सरळ हिशेब करून मी सर्वांत लांब जोड उचलले. आबांनी विचारले, "मापं घेतलीस?" मी म्हणालो, "होय." घेतली नव्हती. गाडी उभी असताना ते व्यवस्थित बसले, त्यामुळे कोणालाही शंका आली नाही.

आठ दिवसांनी ती जीप आठ माणसे घेऊन डोंगर उतरत होती. एका खड्ड्यात पुढचे डावे चाक आदळले. शॉकअपचा वरचा ब्रॅकेट चॅसिसपासून उखडला, लोंबकळणारा शॉकअप ब्रेकच्या रबरी नळीवर आपटला आणि नळी फाटली. त्या जुन्या गाडीच्या चारही चाकांचे ब्रेक एकाच मार्गावर होते, ते सगळेच गेले. चालकाने प्रसंगावधान राखून गिअर खाली टाकला आणि गाडी दरीच्या उलट बाजूला, डोंगराच्या अंगाला घासून थांबवली. प्राण कोणाचे गेले नाहीत. मागे बसलेल्या एका आजींचे मनगट मोडले.

आबांनी सगळा खर्च दिला, दवाखान्याचादेखील. मला ते रागावले नाहीत. फक्त गाडीखाली झोपून बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "शॉकअपवर गाडी उभी नसतीया लेका. पाट्यावर उभी असतीया. त्वा शॉकअपवर उभी केलीस."

हे वाक्य समजायला मला काही महिने लागले. ते समजले तसे आपल्यापुढे मांडतो.

नावाने केलेली फसगत

मी भाषेचा विद्यार्थी असल्याने प्रथम नावाकडे वळतो. 'शॉक ॲब्सॉर्बर' याचे मराठीत 'धक्काशोषक' असे भाषांतर करतात. गॅरेजमध्ये त्याचे 'शॉकअप' झाले आहे. दोन्ही नावे दिशाभूल करणारी आहेत. धक्का शोषण्याचे काम पाटा किंवा स्प्रिंग करते. चाक दगडावर चढले की पाटा दबतो आणि धक्क्याचे बळ स्वतःत साठवतो. परंतु साठवलेले बळ तो ठेवून घेत नाही, परत करतो. त्यामुळे गाडी वर उसळते, पुन्हा खाली बसते, पुन्हा उसळते. झोका एकदा ढकलला की आपोआप पुष्कळ वेळ हलत राहतो, तसाच हा प्रकार. हे हेलकावे थांबविण्यासाठी, म्हणजे पाट्याने परत केलेले बळ खाऊन टाकण्यासाठी, शॉकअप असतो. इंग्लंडमध्ये याच वस्तूला 'डँपर' म्हणतात, ते नाव अधिक खरे आहे. मराठीत 'हेलकावा-रोधक' म्हणता येईल, पण गॅरेजमध्ये कोणी म्हणणार नाही, तेव्हा मीही शॉकअपच म्हणतो.

तो बळ खातो कसा? नळीत तेल असते आणि दांड्याच्या टोकाला भोके असलेला दट्ट्या असतो. दट्ट्या सरकला की तेलाला त्या बारीक भोकांतून आणि त्यांवरच्या पातळ पोलादी चकत्यांतून वाट काढावी लागते. कमरेएवढ्या पाण्यात हळू चाललो तर पाणी अडवीत नाही, पळू लागलो की अडवते. शॉकअपही तसाच. हळू दाबला तर सहज दबतो, झटका दिला की विरोध करतो. या ओढाताणीत तेल तापते. म्हणजे रस्त्याच्या धक्क्याची अखेर उष्णतेत होते आणि ती वाऱ्यात निघून जाते. खराब वाटेवर तासभर चालवून थांबलेल्या जीपच्या शॉकअपला हात लावून पाहावा, चटका बसतो. चटका बसला नाही, तर तो शॉकअप बहुधा कामच करत नाही.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली, सर्वसाधारण शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. म्हणून नवे शॉकअप बसवून गाडी उंच होत नाही आणि काढून घेतले तर खाली बसत नाही. दुसरी, शॉकअप हा अडसर नाही. चाकाने किती वर जावे आणि किती खाली यावे, याची सीमा दुसऱ्याच वस्तूने घालायची असते. वरची सीमा चॅसिसखालचा रबरी ठोकळा घालतो, त्याला बंपस्टॉप म्हणतात. खालची सीमा पाट्याची स्वतःची कमान घालते. या दोन्ही सीमांच्या आत शॉकअपला मोकळे हलता आले पाहिजे. माझ्या चुकीत नेमके उलट झाले. रबरी ठोकळ्याला चाक पोहोचण्याआधीच शॉकअप पूर्ण मिटला आणि आठ माणसांसकट गाडीचे वजन त्या बोटभर जाडीच्या पिनेवर आले. आबा म्हणाले, गाडी शॉकअपवर उभी केलीस, ती अशी.

मापे : चार आकडे

आता मुख्य मुद्दा. शॉकअप निवडताना आधी गाडीची मापे घ्यावी लागतात, दुकानातली वस्तू नंतर पाहायची. माप नेहमी वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत घ्यावे. गाडी उंच करण्याचे सगळे काम, म्हणजे पाटे, टायर, यू-बोल्ट, आधी पूर्ण झालेले असावे आणि मग फीत हाती घ्यावी. अपघातानंतर त्याच जीपवर आबांनी आणि मी घेतलेली मापे मी वहीत लिहून ठेवली आहेत, तीच उदाहरणासाठी देतो. प्रत्येक गाडीची मापे वेगळी येतात, हे आकडे कोणी उचलू नयेत.

पहिला आकडा उभ्या मापाचा. गाडी सपाट जमिनीवर, रिकामी. उंच करण्यापूर्वी हे माप ३८० मिलिमीटर होते, उंच केल्यावर ४३० झाले. दोन इंच म्हणजे साधारण ५० मिलिमीटर, हिशेब जुळला.

दुसरा आकडा मिटलेल्या मापाचा. ॲक्सल आणि रबरी ठोकळा यांत किती अंतर आहे ते पाहायचे. येथे ११० मिलिमीटर होते. जोराचा धक्का बसला की रबर स्वतःही दबते. ठोकळा ४० मिलिमीटर जाडीचा, तो निम्मा दबेल असे धरले तर आणखी २०. म्हणजे चाक उभ्या स्थितीपासून १३० मिलिमीटर वर जाऊ शकते आणि त्या वेळी दोन पिनांतील अंतर ४३० वजा १३०, म्हणजे ३०० उरते.

तिसरा आकडा लोंबत्या मापाचा. शॉकअप काढून ठेवावेत, चॅसिस जॅकने उचलून घोड्यांवर ठेवावी आणि चाक अधांतरी लोंबू द्यावे. पाटा जेवढा खाली जाऊ देईल तेवढे ते जाईल. आमच्या जीपला हे माप ५०५ आले. त्याच वेळी ब्रेकची रबरी नळी ताणली जात नाही ना, हेही पाहावे. उंच केलेल्या पुष्कळ गाड्यांत ती ताणलेली सापडते. तशी असेल तर शॉकअपचा विचार बाजूला ठेवून आधी लांब नळी बसवावी.

चौथा आकडा मोकळ्या जागेचा. शॉकअप अगदी टोकाला जाऊन आदळू नये म्हणून दोन्ही बाजूंना थोडी जागा राखायची. आम्ही १५ मिलिमीटर धरले. एक चाक दगडावर चढवून ॲक्सल तिरका करूनही पाहावे, कारण दोन्ही चाके एकदम वर जाणे आणि एकच वर जाणे यांत माप बदलते.

आता मागणी तयार झाली. शॉकअप मिटल्यावर २८५ पेक्षा जास्त नसावा आणि उघडल्यावर ५२० पेक्षा कमी नसावा. म्हणजे त्याची धाव २३५ असावी.

एक अशक्य मागणी

ही मागणी घेऊन मी दुकानात गेलो तेव्हा दुकानदार हसला. असा शॉकअप असूच शकत नाही. का, ते मला परत येताना सायकलवर समजले.

शॉकअप हा दांडा आणि नळी यांचा बनतो. दांडा पूर्ण आत गेला तरी तो नळीतच राहणार. म्हणजे जेवढी धाव हवी, तेवढी तरी लांबी मिटलेल्या शॉकअपमध्ये पाहिजेच. त्याशिवाय दोन टोकांच्या रिंगा, दट्ट्या, झडपा आणि सील यांना जागा लागते. आम्ही तपासलेल्या शॉकअपांत ही निष्क्रिय लांबी १०० ते १३० मिलिमीटर होती. म्हणून २३५ धावेचा शॉकअप मिटल्यावर किमान ३३५ भरणार. आम्हाला हवा होता २८५. म्हणजे फार आखूड मिटणारा आणि फार लांब उघडणारा असा एकच शॉकअप मागणे, म्हणजे ताटाएवढी भाकरी वाटीत मागण्यासारखे आहे.

मग तडजोड कोठे करायची? जुना शॉकअप मिटून २८५ आणि उघडून ४७० होता. मूळ उंचीला तो अगदी बरोबर होता. गाडी उंच केल्यावर उभे माप ४३० झाले, म्हणजे त्याला खाली जायला ४०च मिलिमीटर उरले. चाक खड्ड्यात उतरले की पाटा आणखी खाली जाऊ पाहतो आणि शॉकअप त्याला लटकवून धरतो. दर खड्ड्याला 'ठक्' असा आवाज येतो. हा आवाज म्हणजे पिना आणि सील तुटत असल्याची वर्दी. त्यामुळे जुनाच चालवणे बाद.

मी आणलेला शॉकअप मिटून ३८० आणि उघडून ६३० होता. माणसे बसल्यावर जीप ३० मिलिमीटर खाली बसते, म्हणजे उभे माप ४०० होते. त्यात वर जायला अवघे २० मिलिमीटर शिल्लक, आणि रबरी ठोकळा त्याहून ८० मिलिमीटर पुढे. हे गणित दुसरी-तिसरीतील मुलाला यावे. मी ते केले नाही, म्हणून एका आजींचे मनगट मोडले. असो.

वरचा ब्रॅकेट चॅसिसवर आणखी वर सरकवणे हाही एक मार्ग असतो. त्याने मिटण्यासाठी जागा मिळते. परंतु आमच्या जीपची चॅसिस त्याच ठिकाणी फाटून सांधलेली होती. "त्या जागंवर आनी वेल्डिंग नको," आबा म्हणाले.

शेवटी आम्ही मिटून ३२५ आणि उघडून ५२५ असा जोड निवडला. लोंबते माप ५०५, म्हणजे खाली २० मिलिमीटर मोकळे राहिले. वरच्या बाजूला मात्र शॉकअप ३२५ ला मिटतो, आणि १५ राखायचे तर चाकाला ३४० लाच थांबवले पाहिजे. रबरी ठोकळा थांबवत होता ३०० ला. म्हणून ठोकळ्याखाली ४० मिलिमीटरचा पोलादी तुकडा पक्का बोल्टने बसवला. आता रिकाम्या गाडीला वर जायला ९० आणि खाली जायला ७५ मिलिमीटर आहेत. भरल्या गाडीला वर ६० उरतात. ज्या गाडीत माणसे आणि पोती भरून न्यायची आहेत, तिला वरची जागा जास्त महत्त्वाची. दगडांवरून रिकामी गाडी चढवण्याची हौस असलेल्याला खालची जागा जास्त हवी असते. त्यामुळे 'चांगला शॉकअप कोणता?' या प्रश्नाला एकच उत्तर नाही. गाडीत कोण बसते, हे आधी विचारावे लागते.

मालकांना हे सगळे मी फीत धरून दाखवले. ते म्हणाले, "म्हणजे वर वाढवलेली गाडी निम्मी तू परत अडवलीस की!" ते खरे होते. पोट दगडाला लागू नये म्हणून केलेली उंची कायम राहिली, परंतु चाकाची वरची धाव जवळजवळ पूर्वीइतकीच राहिली. उंची आणि धाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिरकेपणाचा परिणाम

काही गाड्यांत शॉकअप उभा नसून तिरका असतो, आणि जागा मिळावी म्हणून काही जण तो आणखी तिरका करतात. उभा शॉकअप चाकाबरोबर तितकाच हलतो. तिरका असला की कमी हलतो, आणि त्याचा विरोधही तिरका लागत असल्याने चाकाला त्यातला काहीच भाग मिळतो. तोटा असा दुहेरी होतो. उभ्या रेषेपासून ३० अंश कलला तर त्याचा परिणाम सुमारे तीन-चतुर्थांश उरतो, ४५ अंश कलला तर निम्माच. महागडा शॉकअप आडवा लावण्यापेक्षा साधा शॉकअप उभा लावलेला बरा. आमच्या जीपमध्ये तो जवळजवळ उभा होता, म्हणून वरचा हिशेब इतका सरळ गेला.

नरम, कडक आणि नळ्यांचे प्रकार

माप जुळले की मग विरोधाचा विचार. शॉकअप मिटताना कमी आणि उघडताना जास्त विरोध करतो, कारण दबलेला पाटा उसळताना त्याला धरायचे असते. जादा पान घालून पाटा कडक केला असेल किंवा मोठे, जड टायर घातले असतील, तर उघडण्याचा विरोध थोडा वाढवावा लागतो. नुसती कमान वाढवली असेल तर मूळ विरोध बहुधा पुरतो. पाट्याची पाने एकमेकांवर घासतात, त्यामुळे काही हेलकावे तेथेच मरतात, ही गोष्टही ध्यानात घ्यावी. 'कडक तेवढा चांगला' ही समजूत 'लांब तेवढा चांगला' या समजुतीची सख्खी बहीण आहे. फार कडक शॉकअपमुळे एका खड्ड्यातून चाक पुरते खाली येण्याआधीच दुसरा खड्डा येतो. असे चार-पाच खड्डे गेले की गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यावर आदळू लागते. चालकाला वाटते शॉकअप नरम आहे, आणि तो आणखी कडक घेतो.

नळ्यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. दुनळी प्रकारात एका नळीभोवती दुसरी नळी असते आणि जादा तेल बाहेरच्या नळीत जाते. तो स्वस्त असतो, आणि बाहेरून दगड लागून पोचा आला तरी आतली नळी सुरक्षित राहते. परंतु खराब वाटेवर बराच वेळ चालला की तेल आणि हवा मिसळून फेस होतो, आणि फेसात दट्ट्याला विरोध कसला? यावर उपाय म्हणून त्यात कमी दाबाचा नायट्रोजन भरतात. एकनळी प्रकारात तेल आणि नायट्रोजन यांच्यामध्ये सरकता पडदा-दट्ट्या असतो आणि वायूचा दाब सुमारे २० ते ३० वातावरणे असतो. ख्रिश्चन बूर्सिए द कार्बों या फ्रेंच अभियंत्याचे नाव या रचनेशी जोडलेले आहे. तो लवकर थंड होतो, उलटाही बसवता येतो. मात्र त्याची नळी हीच दट्ट्याची वाट असल्याने एक खोल पोचा आला की दट्ट्या अडकतो. म्हणून दगडधोंड्यांच्या वाटेवर एकनळी घ्यायचा तर त्याला खालून आडोसा द्यावा.

या जीपचा वेग घाटात ताशी २० ते ३० किलोमीटर, आणि मालकाची ऐपत बेताची. आम्ही वायू भरलेला दुनळी प्रकार घेतला.

बसवताना आणि नंतर

काही बारीक गोष्टी, ज्या आबांच्या हातात आहेत आणि कोठे लिहिलेल्या मला आढळल्या नाहीत :

दुनळी शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो. बसवण्यापूर्वी तो उभा धरून चार-पाच वेळा दाबावा आणि उघडावा, म्हणजे आत शिरलेली हवा वर जाते. शॉकअप नेहमी जोडीने बदलावेत. एक नवा आणि एक जुना असला तर गाडी एका बाजूला वेगळे वागते. पिनेचे नट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळले तर रबरी बुश कायम पिळलेले राहून लवकर फाटतात. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून टायर, नळी किंवा पाटा कोठे शॉकअपला लागत नाही ना, हे पाहावे. वायू भरलेला जुना शॉकअप कापू नये, तापवू नये. अंगावर पुसटसा तेलकट थर असला तर घाबरू नये. तेल ओघळत असेल तर तो संपला.

आणि सर्वांत मोठी गोष्ट. उंच केलेली गाडी वळणावर लवकर कलंडते. कोणताही शॉकअप हा दोष नाहीसा करीत नाही. शिवाय गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करणे हा केवळ मालकाच्या मर्जीचा प्रश्न नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ याचसंबंधी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कारखान्याच्या मूळ वर्णनाशी विसंगत बदल करता येणार नाहीत असा निर्णय दिला आहे. म्हणून पाट्यांना हात लावण्यापूर्वी आर.टी.ओ. कचेरीत विचारून यावे. आता आमच्याकडे कोणी गाडी उंच करायला आले, तर आबा आधी तेच सांगतात. कमान न वाढवताही गाडी चालत असेल तर शॉकअप मूळ मापाचेच घ्यावेत, हा सर्वांत स्वस्त आणि निर्धोक मार्ग.

शेवटी

या प्रकारची जीप १९४१ मध्ये लढाईसाठी जन्मली, तेव्हाही तिला पाटे आणि नळीचे शॉकअप हेच होते. इतक्या वर्षांत त्यांतले मूळ तत्त्व बदललेले नाही. ते समजायला अभियंता असावे लागत नाही. बेरीज-वजाबाकी, एक फीत आणि खोटे न बोलणे एवढे पुरते.

अपघातानंतर आबांनी एक दोनशे पानी वही आणली. प्रत्येक गाडीची चार मापे तीत लिहायची, असे ठरले. आबांना आकडे उत्तम येतात, अक्षरे जुळवायला वेळ लागतो, म्हणून ते फीत धरतात आणि मी लिहितो. पहिल्या पानावर त्या जीपची मापे आहेत. तिने त्यानंतर दोन पावसाळे काढले आहेत. गेल्या मार्गशीर्षात ती तेल बदलायला आली, तेव्हा आजीही बरोबर होत्या. त्यांचे मनगट जुळले आहे, पण पूर्ण वळत नाही. त्यांनी मला ओळखले. "ह्योच का त्यो कालिजात जाणारा?" असे विचारून त्या शांतपणे पुढच्या सीटवर जाऊन बसल्या. मी गाडीखाली जाऊन चारही पिना पुन्हा एकदा तपासल्या.

ज्यांच्या घरी अशी जीप असेल त्यांनी येत्या सुट्टीत ती जरूर घेऊन यावी. मापे आम्ही फुकट घेतो.